भांगबिया आणि विजया तेल: पुण्यातल्या घरात ठेवायचं कुठे, टिकतं किती

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. आईनं दह्यात घालायला भांगबियांचा चमचा भरला, सवयीनं नाकाशी नेला आणि तसाच परत पाकिटात रिकामा केला. "खवट झाल्यात गं. ऑइल पेंटचा वास येतोय." मी पाकीट उलटसुलट करून तारीख बघितली. अजून सात महिने शिल्लक होते. अर्ध्या किलोचं पाकीट, जेमतेम पाव संपलेलं, तोंड कपड्यांच्या चिमट्यानं बंद केलेलं. आणि ठेवलेलं कुठे, तर गॅसच्या वरच्या फळीवर, पोह्यांच्या डब्याला टेकून, जिथे दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट येतं.

दुकानदाराशी भांडायला निघालेच होते. पिशवी हातात घेतली आणि चपला घालता घालता डोक्यात प्रकाश पडला की छापलेली तारीख बंद पाकिटाची असते, आणि ते पाकीट फोडून आम्हाला दोन महिने झाले होते. चूक माझीच होती.

त्यानंतर वर्षभर घरात या वस्तूंची जागा, डबे, दिवस सगळं नीट लावलं. आईला सांध्यांसाठी वैद्यबाईंनी विजया तेलाचे थेंब लिहून दिलेत (विजया हे आयुर्वेदातलं भांगेच्याच झाडाचं नाव), त्यामुळे घरात खायच्या बियाही आहेत आणि औषधही. ज्यांच्याकडे यातलं काही पहिल्यांदाच येतंय त्यांच्यासाठी लिहितेय. औषध घ्यावं की नाही, किती घ्यावं, हे तुमच्या वैद्यांना विचारा. मी फक्त ठेवण्याबद्दल बोलणार आहे.

आधी एक कुंपण घालून घेऊ

हा लेख कायद्यानं विकत मिळणाऱ्या वस्तूंपुरता आहे: भांगेच्या बिया, सोललेल्या बिया (पाकिटावर 'हेम्प हार्ट्स' लिहिलेलं असतं), बियांचं तेल, बियांचं पीठ, आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळणारी विजयायुक्त आयुर्वेदिक औषधं. गांजा आणि चरस १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात येतात. ते टिकवायचं कसं हा प्रश्नच इथे नाही, कारण ते जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. भांगेच्या पानांचं थोडं गुंतागुंतीचं आहे. केंद्राच्या त्या कायद्याच्या व्याख्येतून नुसती पानं आणि बिया वगळल्या आहेत, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. तिकडे काशीला सरकारमान्य दुकानात मिळते म्हणून होळीसाठी डबा भरून आणला, असं करू नका.

बियांचं मात्र स्वच्छ आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं भांगेच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, बियांमध्ये किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, अशी अट आहे. त्यामुळे 'बिया खाल्ल्या की चढते का' हे शेजारच्या काकांनी कितीही डोळे मिचकावून विचारलं तरी उत्तर नाही असंच आहे.

आणखी एक घोळ नावाचा. शब्दकोशात 'हेम्प' (भांगेच्या झाडाचं इंग्रजी नाव) पाहिलं तर कुणी ताग म्हणतं, कुणी अंबाडी. दोन्ही वेगळी झाडं. मंडईत अंबाडीची भाजी मिळते तिचा याच्याशी काही संबंध नाही, आणि तागाच्या बिया तर खायच्याच नसतात. पाकिटावर 'कॅनाबिस सटायव्हा' हे नाव आणि अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे ना, बघून घ्या.

पायरी पहिली: घरी आणलं की लगेच पट्टी चिकटवा

पिशवीतून वस्तू ओट्यावर आली की पहिलं काम म्हणजे कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि मार्कर. आमच्याकडे पट्टीवर दोन तारखा असतात. वर आणल्याची, खाली उघडल्याची. उघडल्याची जागा आधी रिकामी सोडायची आणि झाकण फिरवलं त्या क्षणी भरायची. नंतर लिहू म्हटलं की लिहिलं जात नाही, हा अनुभव.

औषधाच्या बाटलीवर तारखेशिवाय आणखी काही वाचायचं असतं. विजया (बिया सोडून झाडाचे इतर भाग) आपल्या औषध नियमावलीत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे परिशिष्ट ई-१ मध्ये आहे. वत्सनाभ, धोत्रा, कुचला यांच्या पंगतीत. म्हणून अशा पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' या अर्थाची सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापणं सक्तीचं आहे. ती सूचना, आयुष परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक यांपैकी एकही नसेल तर बाटली परत करा. तिची साठवण शिकण्यात अर्थ नाही.

चिठ्ठी आणि बिल बाटलीच्या खोक्यातच रबर लावून ठेवा. औषध मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत काढू नका, ती कितीही सुबक असली तरी. लेबल हाच तुमचा पुरावा. आणि परदेशी जाताना ही बाटली बॅगेत टाकायची नाही. इथली चिठ्ठी तिथे चालेलच असं नाही, आणि काही देशांत थेंबभर तेलावरूनही तुरुंगाची वेळ येते.

पायरी दुसरी: नेमकं काय बिघडतं ते ओळखा

इथे जरा थांबते, कारण हे एकदा कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

बिया आणि औषध एकाच झाडाचे असले तरी दोघांचं बिघडणं वेगळं आहे. बियांमध्ये बिघडतं ते तेल. अख्ख्या बीत साधारण ३० टक्के तेल असतं, सोललेल्या बीत जवळजवळ निम्मं. आणि त्या तेलाचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग ज्याला बहु-असंतृप्त म्हणतात तसल्या स्निग्धाम्लांचा, म्हणजे ओमेगा ६ आणि ओमेगा ३. जवस आठवा. जवसाची पूड करून ठेवली तर आठ-पंधरा दिवसांत तिला कसा वास सुटतो, अख्खे जवस मात्र वर्षभर डब्यात छान राहतात. भांगबीचं अगदी तसंच. कवच आहे तोवर तेल सुरक्षित. कवच काढलं, कुटलं, गाळलं, की हवेतला प्राणवायू त्या तेलाला लागतो आणि ते खवट होत जातं.

उष्णता हे काम पळवते. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत जे पाकीट दोन महिने टिकेल, ते मेमध्ये ४० अंशांच्या फळीवर पंधरा दिवसांत जाईल. माझ्या पाकिटाचं काय झालं ते या हिशेबानं आपोआप समजतं.

उजेडाची गंमत आणखी आहे. बियांचं तेल हिरवं असतं, कारण त्यात हरितद्रव्य उतरलेलं असतं. ते दिसायला सुंदर, पण उजेडात तेच हरितद्रव्य तेल खराब करायला मदत करतं. म्हणून चांगले उत्पादक गडद काचेच्या बाटलीत तेल देतात. पारदर्शक बाटलीत हिरवंगार तेल दुकानाच्या दिव्याखाली मांडलेलं दिसलं तर मी ते घेत नाही.

आता एक खास पुणेरी मोह. तांबट आळीतून आणलेली तांब्याची बरणी, आजीचा पितळी डबा. मलाही आवडतात. पण तांबं आणि लोखंड यांचे अंश तेलाचं खवटपण भराभर वाढवतात. या कामाला काच किंवा स्टेनलेस स्टील. बोहरी आळीत घट्ट फिरकीच्या झाकणाच्या लहान काचेच्या बरण्या मिळतात, दोनशे-अडीचशे मिलिलिटरच्या. त्या बघा. मोठी बरणी अर्धी रिकामी राहते, आणि तो अर्धा रिकामा भाग म्हणजे हवा.

औषधात बिघडतं ते वेगळं. तिथे कामाचे घटक म्हणजे टीएचसी, सीबीडी आणि त्यांची भावंडं. १९७६ मध्ये लंडनच्या स्कूल ऑफ फार्मसीतल्या फेअरबेर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही द्रव्यं वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून तपासली. सगळ्यात जास्त नुकसान उजेडानं झालं. अंधारात नीट ठेवलेलं द्रव्य वर्ष-दोन वर्षं बऱ्यापैकी तग धरून राहिलं. हवा आणि उष्णता लागली की टीएचसीचं हळूहळू सीबीएन नावाचं दुसरं द्रव्य होतं, आणि ते बरंच सौम्य असतं. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात साध्या खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या वाळक्या झाडाच्या नमुन्यांत पहिल्या वर्षात टीएचसी सुमारे १७ टक्क्यांनी घटलं, चार वर्षांत सुमारे ४१ टक्क्यांनी. तेलातलं औषध आणि वाळकं झाड एकाच वेगानं उतरणार नाहीत, पण दिशा तीच. म्हणजे जुनी बाटली बहुधा विषारी होत नाही, ती कमी कामाची होते. आणि ते जास्त त्रासदायक, कारण मग माणूस मनानंच दोन थेंब वाढवतो आणि नवी बाटली उघडल्यावरही तेच वाढीव थेंब चालू ठेवतो.

पायरी तिसरी: घरातली जागा शोधा

एक साधा भिंतीवरचा तापमान-आर्द्रता दाखवणारा काटा घ्या आणि घरभर फिरवा. मी मागच्या मेमध्ये एका दुपारी फिरवला. आमचं घर चौथ्या मजल्यावर, वर गच्ची. माळ्यावर ३९, गॅसच्या वरच्या फळीवर ३८, बेडरूममधल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ३२. एकाच घरात सात अंशांचा फरक.

त्यावरून काही जागा कायमच्या बाद केल्या. माळा बाद. स्लॅब तापला की माळा म्हणजे भट्टी. गॅसच्या आसपासची फळी बाद. फ्रिजच्या डोक्यावरची जागा बाद. फ्रिज थंड म्हणून त्याचं डोकंही थंड असेल असं वाटतं, पण मागून वर येणारी गरम हवा तिथेच जाते. बाथरूममधलं आरशाचं कपाट वाफेमुळे बाद. गाडीचा डॅशबोर्ड तर सांगायलाच नको. आणि देवघर. खूप घरांत औषधाची बाटली देवापुढे ठेवतात, घेताना आठवण राहते म्हणून. समई तिथेच तेवते, शिवाय ती जागा लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर. आईला हे पटवायला मला आठवडा लागला.

औषधाला चांगली जागा म्हणजे बंद दाराचं लाकडी कपाट, आतल्या भिंतीला लागून, खालचा किंवा मधला कप्पा, कुलपासकट. सोललेल्या बियांना फ्रिज.

पायरी चौथी: बिया

अख्ख्या बिया सोप्या. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या फडताळात त्या पाकिटावरच्या तारखेपर्यंत आरामात राहतात. पावसाळ्याआधी एकदा हातात घेऊन बघायच्या, बस.

सोललेल्या बियांना लाड लागतात. मी करते ते असं. अर्धा किलो कधीच आणत नाही, पाव किलोच. पाकीट फोडलं की त्यातल्या दोन वाट्या लहान काचेच्या बरणीत, आणि उरलेलं पाकीट हवा दाबून काढून, दुसऱ्या झिपच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये. बरणी फ्रिजमध्ये, पण दारात नाही. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. मधल्या फळीवर मागे, जिथे लोण्याचा डबा असतो तिथे. अशा बिया फ्रिजमध्ये मी तीन महिन्यांच्या आत संपवते, फ्रीझरमधल्या जास्त दिवस चालतात.

फ्रीझरमधलं पाकीट काढलं की लगेच फोडायचं नाही. मेच्या दुपारी थंड पाकीट उघडलं की आतल्या बियांवर दव धरतं, तेच पाणी घेऊन तुम्ही पाकीट परत आत ठेवता, आणि मग बुरशी. अर्धा तास ओट्यावर बंदच राहू दे. बाहेरून ओल येईल ती पुसा. मग फोडा. चमचा कोरडा. दह्यात बुडवलेला चमचा परत बरणीत घालणाऱ्या माणसाशी प्रेमानं बोला. आमच्याकडे तो माणूस मीच आहे.

हिंग, गरम मसाला, सुकट यांच्या शेजारी बिया ठेवू नका. तेलकट वस्तू वास ओढून घेतात.

भांगबियांची चटणी हा कुमाऊँचा पदार्थ, तिकडे अख्ख्या बिया भाजून, जिरं-मिरची-लिंबाबरोबर वाटतात. आम्ही तीच कारळ्याच्या चटणीच्या वळणावर कोरडी करतो, लसूण घालून. भाजलं आणि कुटलं की टिकण्याचं गणित पार बदलतं. फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस, तेवढीच करायची. बियांच्या पिठालाही हाच न्याय: लहान पाकीट, उघडलं की फ्रिज.

पायरी पाचवी: बियांचं तेल

हे फोडणीचं तेल नाही. साधारण १६५ अंशांच्या आसपासच त्यातून धूर यायला लागतो, आणि त्याच्या आधीच चव जाते. कोशिंबिरीवर, भाकरीवरच्या चटणीवर, वरणात वरून घ्यायचं. उघडलेली बाटली कायम फ्रिजमध्ये. खोबरेल गोठतं तसं हे गोठत नाही, त्यामुळे काढून लगेच ओतता येतं. दोन, फार तर तीन महिन्यांत संपेल एवढीच बाटली घ्या. घरात दोघंच असाल तर अडीचशे मिलिलिटर पुष्कळ.

ओतून झालं की बाटलीचं तोंड कागदानं पुसून मग झाकण लावा. जवसाच्या तेलासारखंच हे सुकणारं तेल आहे. तोंडाशी राहिलेला थेंब काही दिवसांत चिकट, वार्निशसारखा होतो, झाकण नीट बसत नाही, आणि तो खवट थेंब पुढच्या प्रत्येक धारेबरोबर तुमच्या ताटात येतो.

पायरी सहावी: विजयायुक्त औषध

आधी हे बघा की तुमच्या बाटलीत विजया कशात मिसळली आहे. लेबलवर आधारतेल लिहिलेलं असतं. बियांच्याच तेलात असेल तर वर सांगितलेला सगळा नाजूकपणा इथेही लागू. तिळाच्या तेलात असेल तर जास्त दमदार. खोबरेलात असेल तर डिसेंबरच्या सकाळी बाटली पांढरी धट्ट झालेली दिसेल. घाबरू नका, ते खराब झालेलं नाही. पण अर्धवट वितळलेल्या बाटलीतून थेंब मोजू नका. कोमट पाण्याच्या वाटीत बाटली उभी ठेवा, पूर्ण पातळ झाली की हलवा, मग थेंब काढा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको.

हलवणं तसंही रोजचंच. औषधाचा भाग तळाशी बसू शकतो. न हलवता घेत राहिलं तर पहिले पंधरा दिवस काहीच जाणवत नाही आणि शेवटच्या आठवड्यात अचानक डोकं जड होतं, असा प्रकार होऊ शकतो.

ड्रॉपर जिभेला लावायचा नाही. चमच्यात थेंब पाडा, चमचा तोंडात घ्या. लाळ बाटलीत गेली की तेलातसुद्धा घाण धरते. बाटली उभीच ठेवा, कारण आडवी पडली की तेल रबराच्या फुग्याला लागतं, रबर मऊ पडतं आणि त्याचा वास तेलात उतरतो. लेबलवर फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलं नसेल तर फ्रिजची गरज नाही. अंधारं, ३० अंशांच्या खालचं कपाट पुरतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या घरात तसं कपाट उरत नाही म्हणून ते दोन महिने बाटली खोक्यासकट फ्रिजच्या मधल्या फळीवर, झाकण असलेल्या स्टीलच्या डब्यात.

चूर्णं वेगळी. जातीफलादी चूर्णासारख्या काही जुन्या पाठांत भांग असते. चूर्णाचा शत्रू ओल. आयुर्वेदिक औषधांच्या मुदतीच्या नियमात चूर्णाला दोन वर्षं, घृताला दोन, तेलाला तीन अशी कमाल मर्यादा आहे, पण ती बंद डबीची. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हवा बदलली की उघडलेल्या डबीतलं चूर्ण चार दिवसांत गुठळ्या धरतं. डबी आणखी एका घट्ट डब्यात, त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, ओल्या हातानं किंवा वाफाळत्या दुधाच्या पेल्यावर डबी उघडायची नाही. गुठळी झालेलं चूर्ण उन्हात वाळवून परत वापरू नका. ओल लागलेल्या चूर्णात डोळ्यांना न दिसणारी बुरशी असू शकते. घृत असेल तर चमचा दरवेळी कोरडा आणि वेगळा.

गोळ्या मूळ पाकिटातच. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत काढून ठेवायची सवय इतर औषधांसाठी चांगली आहे, यांच्यासाठी नाही. ती डबी पारदर्शक असते आणि कुणाच्याही हाताला लागते.

पायरी सातवी: कुलूप

ही पायरी शेवटी लिहितेय, पण पहिल्या दिवशी करा.

विजया असलेल्या गमी मिळतात. रंगीत, गोड, जेलीच्या गोळीसारख्या. पाच वर्षांच्या मुलाला त्यात आणि खाऊत काहीच फरक दिसत नाही, आणि चव चांगली म्हणून तो एकावर थांबत नाही. टीएचसी पोटातून गेलं की परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात, त्यामुळे खाल्लंय हेच उशिरा कळतं. मूल पेंगुळलं, तोल जातोय, हाका मारल्या तरी नीट उठत नाही, असं दिसलं तर झोपू दे म्हणून सोडू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा, बाटली बरोबर न्या आणि डॉक्टरांना सरळ सांगा. लाजेपोटी काय खाल्लं ते न सांगितल्यानं तपासण्यांत तास जातात. कुत्रा पाळला असेल तर त्याच्यासाठीही हेच. कुत्र्यांना टीएचसीचा त्रास माणसापेक्षा जास्त होतो.

कपाटाची किल्ली कपाटाच्याच डोक्यावर ठेवण्याची आपली पद्धत आहे. बदला.

मोसमानुसार थोडं

मार्च ते मे: बियांची नवी मोठी खरेदी टाळा, आणि घरपोच मागवलंत तर पार्सल दुपारभर सुरक्षारक्षकाच्या उन्हातल्या केबिनमध्ये पडणार नाही असं बघा. जून ते सप्टेंबर: सिलिका जेलच्या पुड्या बदला, चूर्णाची डबी आठवड्यातून एकदा बघा. हिवाळा मोकळा, खरेदी करायची तर तेव्हा.

दुरुस्तीसाठी वीज जाते तो दिवस मात्र वर्षभर असतोच, बहुतेकदा गुरुवार. फ्रिजचं दार न उघडता ठेवलं तर आतला गारवा सुमारे चार तास टिकतो. बिया आणि तेल तेवढ्यानं बिघडत नाहीत. दर दहा मिनिटांनी दार उघडून 'गार आहे का' बघितलं तर बिघडतील.

गेलं, हे कसं ओळखायचं आणि पुढे काय

ताज्या भांगबीचा वास अक्रोडासारखा, किंचित गवताळ. चव गोडसर. खवट झालेलीचा वास जुन्या लांबीचा (म्हणजे पुट्टीचा) किंवा ऑइल पेंटचा, आणि चावल्यावर मागे कडवट जळजळ राहते. शंका आली तर एकच बी चावून थुंका. बुरशी, जाळं किंवा कुबट वास असेल तर चाखायचंही नाही. तेलाचा हिरवा रंग जाऊन पिवळट-तपकिरी झाला असेल तर तेही गेलं. औषधाच्या तेलात मात्र नाकावर विसंबू नका. विजयेचा स्वतःचा वासच इतका उग्र की खाली काय चाललंय ते कळत नाही. तिथे तारीख बघा, उघडल्याची पट्टी बघा, आणि शंका असेल तर बाटली घेऊन वैद्यांकडे जा.

खवट बिया ओल्या कचऱ्यात. पक्ष्यांना घालू नका, त्यांनाही खवट तेल सोसत नाही. तेल मोरीत ओतू नका. जुन्या वर्तमानपत्रात किंवा भुशात जिरवून, पिशवी बांधून टाका. मुदत संपलेलं औषध वापरलेल्या चहाच्या चोथ्यात कालवा, म्हणजे कुणी उचलून घेणार नाही, पिशवी घट्ट बांधा, आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी देऊन आत जुनं औषध आहे असं सांगा. बाटलीवरचं नाव-पत्ता खरवडून मग ती काचेत. त्या हात घालून कचरा वेगळा करतात, त्यामुळे फुटकी काच कागदात गुंडाळून, वर मार्करनं 'काच' लिहून.

आमच्या सध्याच्या बाटलीवर आईच्या अक्षरात पट्टी आहे. वरती 'आणली', खाली 'उघडली', आणि तिनं स्वतःहून घातलेली तिसरी ओळ: 'हलवली का?'